दाखल्याची मूळ प्रत

आमच्या घरी कुणी आपणहून काही चांगलं केलं, की आधी संशय येतो. शेजारून अळूवड्या आल्या तर आई त्या खाता खाताच विचारणार, "काय काम काढलं असेल?" त्यामुळे दहावीचा निकाल लागल्यावर माझ्या मैत्रिणीचे बाबा आमच्याकडे आले आणि म्हणाले, की हिला पंधरा दिवस सिंगापूरला माझ्या बहिणीकडे पाठवतोय, तुमच्या मुलीलाही पाठवा सोबत, तेव्हा आईने त्यांना चहा दिला, विचार करून सांगतो म्हणाली आणि दार लावून घेतल्यावर बाबांना म्हणाली, "यात कुठेतरी पाणी मुरतंय."

मैत्रीण आमच्याच सोसायटीत, आमच्या वरच्या मजल्यावर राहायची. बिबवेवाडीतल्या त्या चार मजली इमारतीत आम्ही दोघी लहानाच्या मोठ्या झालो. आठवीत असताना तिची आई गेली. तेव्हापासून घरात ती आणि बाबाच. ते हिंजवडीला नोकरीला, सकाळी सातला कंपनीच्या बसने जायचे ते संध्याकाळी आठला उगवायचे. म्हणून शाळेतून आल्यावर ती आमच्याकडे यायची, जेवायची, अभ्यास करायची. जिन्यात भेटणारी प्रत्येक बाई तिला "बिचारी" म्हणायची आणि मग माझ्याकडे वळून म्हणायची, "तू आहेस म्हणून बरं." मला हे ऐकायला फार आवडायचं. आता लिहिताना लाज वाटते, पण आवडायचं. ती काय खाते, कुणाशी बोलते, कुठला क्लास लावते, यातलं मला विचारल्याशिवाय काही होत नव्हतं. अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशासाठी कॉलेजांची यादीसुद्धा आम्हा दोघींची मीच तयार केली होती, एकाच क्रमाने. तिने ती यादी घेतली आणि फॉर्म नंतर भरते म्हणाली. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. नंतर म्हणजे कधी?

आईने चार दिवस चौकश्या केल्या. बहीण खरंच आहे का, सख्खी का चुलत, तिला मुलंबाळं का नाहीत, नवरा काय करतो. बाबांचं म्हणणं वेगळंच होतं. बाबा सरकारी कचेरीत कारकून, त्यांचा माणसांवर विश्वास कमी आणि कागदांवर जास्त. "कागद तयार असावेत" म्हणून माझा पासपोर्ट त्यांनी कधीच काढून ठेवला होता. तो वापरायची संधी आल्याचा त्यांना एवढा आनंद झाला, की त्यांनी होकार देऊन टाकला. वर एक पारदर्शक फोल्डर दिलं. त्यात पासपोर्टच्या तीन झेरॉक्स, तिकिटं, मैत्रिणीच्या आत्याच्या घराचा पत्ता, माझी मार्कशीट, फोटो. सिंगापूरला माझी मार्कशीट कोण मागणार होतं, देव जाणे. निघताना त्यांनी पुन्हा बजावलं, "ओरिजिनल कुणाच्या हातात द्यायचं नाही. झेरॉक्स कितीही द्या. ओरिजिनल गेलं की माणूस गेला."

मैत्रिणीच्या बाबांनी आम्हाला मुंबईच्या विमानतळावर सोडलं. निरोप घेताना मला म्हणाले, "हिला सांभाळ हं." मग तिच्याकडे बघितलं आणि भर्रकन वळून गाडीत जाऊन बसले. पंधरा दिवसांसाठी जाणाऱ्या मुलीकडे बाप असं बघत नाही. आमची आई म्हणते तसं खरंच काहीतरी आहे, असं मला वाटलं. तिची बॅगही माझ्या दुप्पट होती. विचारलं तर म्हणाली, आत्याने भाजणी आणि कुरड्या मागवल्यात.

भाजणी आणि कुरड्या निघाल्या, नाही असं नाही. पण त्याखाली तिचे सगळे कपडे होते, थंडीचा स्वेटरसुद्धा. सिंगापूरला बारा महिने घाम येतो.

आत्या प्रेमळ होत्या. म्हणजे मी त्यांना अहो आत्या म्हणायचे, ती अगं आत्या. त्या चौदाव्या मजल्यावर राहायच्या. त्यांचे यजमान सकाळी ऑफिसला जायचे, संध्याकाळी यायचे आणि आमच्याकडे बघून नुसते हसायचे. माझा संशय पहिल्यांदा त्यांच्यावरच गेला, पण ते खरोखरच नुसते हसणारे निघाले. आम्हाला दिलेल्या खोलीत दोन पलंग होते, आणि खिडकीपाशी एक कोरं करकरीत अभ्यासाचं टेबल. त्याच्या पायांना अजून प्लॅस्टिक गुंडाळलेलं. वर दिवा, पेनं ठेवायचा डबा. मी विचारलं तर आत्या म्हणाल्या, "पाहुण्यांना असू दे म्हणून आणलं." पण पाहुण्यांसाठी लोक गादी आणतात, उशा आणतात. अभ्यासाचं टेबल कुठला पाहुणा वापरतो?

आईचा फोन रोज यायचा आणि मी रोजचा अहवाल द्यायचे. आज आत्यांनी तिच्या चपलेचं माप विचारलं. आज तिचा रक्तगट विचारला. रक्तगट ऐकून आई हादरलीच. म्हणाली, "तुझा विचारला का?" नाही म्हटल्यावर तिला जरा हायसं वाटलं. गुरुवारी आत्या म्हणाल्या, हिचे डोळे तपासून आणायचेत, तू तोवर लायब्ररीत बस. आम्ही दोघींनी परीक्षेआधीच एका दुकानातून चष्मे घेतले होते, तिचा नंबर मला पाठ होता, आणि तो मुळीच बदललेला नव्हता. मी लायब्ररीत दोन तास बसले. तिथे एक म्हातारे गृहस्थ टेबलावर आपला मोबाईल तसाच ठेवून पुस्तक आणायला आत गेले. मी दहा मिनिटं त्या मोबाईलची राखण करत बसले. कुणी उचलला असता तर संशय माझ्यावरच आला असता. कुणीही उचलला नाही. गृहस्थ आले, बसले, वाचायला लागले. मला त्या शहराचाच राग आला.

त्या दोघी परत आल्या तेव्हा मैत्रिणीच्या चेहऱ्यावर काहीतरी होतं. खूप दिवसांनी बघितलेलं, पटकन नाव न सापडणारं. मी विचारलं, डॉक्टर काय म्हणाले? ती म्हणाली, "ठीक आहे सगळं." आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

शुक्रवारी ती आंघोळीला गेली आणि मी तिची बॅग उघडली. सेफ्टी पिन शोधत होते, असं मी नंतर बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. खोटं आहे. मला काय चाललंय ते शोधायचं होतं. कपड्यांच्या तळाशी एक निळं फोल्डर सापडलं. त्यात तिचा जन्माचा दाखला, तिच्या आईच्या मृत्यूच्या दाखल्याची प्रत, मार्कशीट आणि शाळा सोडल्याचा दाखला. ओरिजिनल. मागे तिच्या बाबांचं इंग्रजीत टाइप केलेलं पत्र, की माझी मुलगी पुढची दोन वर्षं माझ्या बहिणीकडे राहून शिकेल, माझी हरकत नाही. सोबत एका शाळेचा कागद, गुरुवारच्याच तारखेचा. सोमवारी सगळी मूळ कागदपत्रं घेऊन या, मग जागा पक्की.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मला एका क्षणात सगळं समजलं, असं वाटलं. सोसायटीत कुजबूज होतीच, की हिचे बाबा दुसरं लग्न करणार. म्हणजे पोरीला गोड बोलून इथे आणून ठेवायची, मला सोबत पाठवायचं, म्हणजे तिला संशय यायला नको, आणि पंधरा दिवसांनी मी एकटी परत. तिला कुणी विचारलंसुद्धा नसणार. बिचारी, मीही मनात म्हणाले.

तिलाच विचारावं, हे मला सुचलं नाही असं नाही. सुचलं होतं. पण समजा मी विचारलं आणि ती म्हणाली, मला माहीत आहे, मलाच राहायचंय इथे, तर? मग माझ्याकडे करण्यासारखं काही उरलं नसतं. म्हणून मी विचारलं नाही. ती ओले केस पुसत बाहेर आली तोवर तिचा शाळा सोडल्याचा दाखला माझ्या फोल्डरमध्ये, माझ्या मार्कशीटच्या मागे गेला होता. बाकी सगळं जागच्या जागी. मी बापाची मुलगी होते. कुठला एक कागद काढला की सगळं अडतं, हे मला चांगलं कळत होतं. झेरॉक्स चालत नाही. डुप्लिकेट काढायला पोलीस चौकीत तक्रार, प्रतिज्ञापत्र, शाळेत खेटे, किमान दोन आठवडे.

शनिवारी दुपारी आत्यांनी कागद बघायला घेतले आणि दाखला नाही म्हणून घर डोक्यावर घेतलं. त्या ओरडल्या नाहीत. पुण्याच्या माणसाला ओरडावं लागत नाही. त्यांनी फक्त कपाटं रिकामी केली, गाद्या उचलल्या, कुरड्यांची पिशवीसुद्धा उलटी केली, आणि मधून मधून म्हणत होत्या, "दादा कागद नीट बघून देईल तर शप्पथ." मी मदत करत होते. सोफ्याखाली हात घालून बघत होते. इतकं मन लावून मी आयुष्यात दुसरं काही शोधलं नसेल.

आता माझ्यापासून काही लपवायचं कारण उरलं नाही, म्हणून आत्यांनी मला सांगून टाकलं, की ही इथे शिकायला राहणार आहे, तुला सांगायचंच होतं. मी आश्चर्य वाटल्यासारखं केलं. मैत्रिणीकडे बघितलं तर ती खाली बघत होती. मला वाटलं, तिलाही आत्ताच कळतंय. खरंच वाटलं. माणसाला जे हवं असतं तेच दिसतं, याला दुसरं काय म्हणणार?

मग आत्या जरा संकोचून माझ्याकडे वळल्या. म्हणाल्या, घाईघाईत तुझ्या सामानात गेला नसेल ना गं, बघतेस का एकदा? मी उठायला लागले तेवढ्यात मैत्रीण म्हणाली,

"तिची बॅग मी मघाशीच बघितली, आत्या. तिच्यात नाहीये."

तिने बघितली नव्हती. निदान माझ्यासमोर तरी नव्हती. मी तिच्याकडे बघितलं, तिनेही माझ्याकडे बघितलं, आणि मला आनंदाने रडू यायचं राहिलं. म्हणजे हिलाही राहायचं नाहीये. हिला बोलता येत नाहीये, पण हिला घरी यायचंय, आणि म्हणून ही मला झाकतेय, असा मी त्याचा अर्थ लावला. त्या बळावर मी शनिवार, रविवार आणि सोमवार काढले. रविवारी ती दोनदा माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, तुला काही बोलायचंय का? मी म्हटलं, नाही, तुला? ती म्हणाली, नाही. आणि उठून गेली.

सोमवारी आत्या शाळेत जाऊन आल्या. शाळेने चार दिवस थांबायची तयारी दाखवली, जास्त नाही. पुण्याला मैत्रिणीच्या बाबांनी रजा टाकून आमच्या शाळेत चकरा सुरू केल्या, पण चार दिवसांत काय होतंय. शुक्रवारी जागा दुसऱ्या कुणाला गेली. त्या संध्याकाळी आत्या आणि त्यांचे भाऊ फोनवर भांडले. तू कागद दिलाच नाहीस, मी दिला होता, तुला वहिनी गेली तेव्हापासून काही लक्षात राहत नाही, अगं मी हातात दिला होता. आत्यांनी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला. बराच वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला.

आम्ही दोघी मिळून परत आलो. विमानात मी तिचा हात धरला, तिने धरू दिला. मी तिला सांगत होते, की आता कॉलेजला बरोबर जाऊ, बसचा पास काढू. ती हं म्हणत होती.

कॉलेजला बरोबर जाणं झालं नाही. अकरावीच्या प्रवेशालाही ओरिजिनल दाखला लागतो, हे मला अशा घरात वाढून सुचलं नव्हतं, किंवा सुचूनही मी तिकडे बघितलं नव्हतं. मला यादीतलं पहिलं कॉलेज मिळालं. तिचे बाबा चौकीत गेले, प्रतिज्ञापत्र केलं, शाळेच्या ऑफिसबाहेर बाकावर बसले. हिंजवडीहून रजा मिळेना म्हणून एकदा तर अर्ध्या दिवसात परत गेले. डुप्लिकेट हातात आला तोवर चांगल्या फेऱ्या संपल्या होत्या. तिला शहराच्या दुसऱ्या टोकाला, कुणी नाव न ऐकलेल्या ठिकाणी जागा मिळाली. जिन्यातल्या बायका म्हणाल्या, बिचारीचं नशीबच तसलं. मग माझ्याकडे बघून, तू आहेस म्हणून बरं.

या वेळी मला ते ऐकवेना.

दाखला माझ्याकडेच होता. फाडून टाकावा असं रोज ठरवायचे आणि रोज जमायचं नाही. आमच्या घरात ओरिजिनल कागद फाडायचा म्हणजे गाय मारण्यासारखं. शिवाय तिचे बाबा मला जिन्यात दिसायचे. दोन महिन्यांत ते वाकल्यासारखे झाले होते. एकदा त्यांनी मला थांबवून विचारलं, "तू सांग, तिथे गेल्यावर तिने फाईल काढली तेव्हा तूही होतीस ना? दाखला होता का गं त्यात?" मी म्हटलं, काका, माझं लक्ष नव्हतं. ते मान हलवून म्हणाले, माझंही नसेल. त्यानंतर ते दाराला कुलूप लावून झाल्यावर तीनतीनदा ओढून बघायचे. मी वरच्या जिन्यातला तो खडखडाट ऐकायचे.

शेवटी एका रविवारी सकाळी मी दाखला घेऊन वर गेले. मैत्रीण एकटीच बाहेरच्या खोलीत होती, बाबा आत आंघोळीला. मी तयार करून आणलेलं वाक्य म्हटलं, की अगं हा सापडला, माझ्या बॅगेच्या अस्तरात गेला होता.

तिने तो हातात घेतला.

"अस्तरात नव्हता," ती म्हणाली. "तुझ्या मार्कशीटच्या मागे होता. मी शनिवारी सकाळीच बघितला."

मी विचारलं, मग घेतला का नाहीस?

"मला वाटलं, तू देशील." ती अजिबात चिडलेली नव्हती, तेच मला सहन होत नव्हतं. "सोमवारी आत्या शाळेत जाईपर्यंत वाटत होतं. मग शुक्रवारपर्यंत वाटत होतं."

मी म्हटलं, मला वाटलं तुलाही राहायचं नाहीये. तुझ्यावर जबरदस्ती चाललीये. ती म्हणाली, जबरदस्ती कसली, मीच मागे लागले होते बाबांच्या. सहा महिने. त्यांना मला पाठवायचं नव्हतं. मला कुठेतरी जायचं होतं, जिथे मला बघून कुणाला माझी आई आठवणार नाही. मी म्हटलं, मग मला का नाही सांगितलंस? यावर ती पहिल्यांदा जरा हसली. म्हणाली, तुला सांगितलं असतं तर तू जाऊ दिलं असतंस?

मग तिने जे सांगितलं त्याने मी आजही मध्येच कधीतरी झोपेतून उठते. ती म्हणाली, की मला बरोबर न्यायचं हा हट्ट तिचाच होता. बाबा नको म्हणत होते, आत्या नको म्हणत होती. तिला मला ते घर दाखवायचं होतं, ती खोली, ते टेबल, शाळेचा रस्ता. म्हणजे मी परत आल्यावर ती कुठे आहे हे मला डोळ्यांसमोर आणता येईल आणि मी एकटी पडणार नाही. शेवटच्या दिवशी सगळं सांगायचं तिने ठरवलं होतं. चार दिवस आम्ही घरात बसून ज्या प्रश्नाचा कीस काढला होता, की या लोकांना आपल्या मुलीला कशाला न्यायचं असेल, त्याचं उत्तर एवढंच होतं.

आतून दार उघडल्याचा आवाज आला. तिचे बाबा टॉवेलने डोकं पुसत बाहेर आले, मला बघून "ये" म्हणाले आणि मग त्यांना तिच्या हातातला कागद दिसला. ते जवळ आले. त्यांनी तो घेतला, पालथा केला, शाळेचा शिक्का बघितला, आणि विचारलं, "कुठे मिळाला?"

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं.

"माझ्या कपाटात होता, बाबा," ती म्हणाली. "जुन्या वह्यांमध्ये. मीच फाईलमधून काढला होता आणि ठेवायला विसरले."

त्या माणसाने आवाज चढवलेला मी कधी ऐकला नव्हता. बिनआईच्या पोरीला काय बोलायचं, म्हणून त्यांनी तिला कधी दुखवलंही नव्हतं. त्या सकाळी ते बोलले. दोन महिने मी स्वतःला वेडा समजत होतो, म्हणाले. माझ्या बहिणीशी मी बोलत नाहीये, तिला मी काय काय बोललो तुला माहीत आहे का. तुझं वर्ष, तुझं सगळं, आणि तुला कपाटात बघावंसं वाटलं नाही? त्यांचा आवाज चिरकत होता, खालच्या मजल्यापर्यंत जात होता. ती मान खाली घालून उभी होती आणि मध्ये मध्ये "चुकलं बाबा" म्हणत होती. मी दाराशी, तिच्यापासून दोन हातांवर उभी होते. मग चपला घातल्या आणि खाली आले.